भूकंपाच्या मूळ नोंदी ईमेलने कशा मागवाव्यात

वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भूशास्त्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी भूकंपाची मूळ नोंद हवी असते, तेव्हा त्याच्या मनात येणारी पहिली मागणी साधारण अशी असते : ‘२००१ च्या भूजच्या भूकंपाचा डेटा पाठवावा.’ माणसाला हे वाक्य पूर्ण वाटते, पण भूकंपनोंदींच्या संग्रहाला त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण संग्रहात भूकंप ठेवलेले नसतात. तेथे जगभरच्या स्टेशनांवरून रात्रंदिवस येणारी जमिनीच्या हालचालीची अखंड नोंद असते, आणि ती स्टेशन, चॅनेल (म्हणजे स्टेशनवरील एका उपकरणाची एका दिशेची नोंद) व वेळ या तीन खुणांनी लावून ठेवलेली असते. त्यात भूकंप कोठे आहे हे मागणाऱ्याने स्वतः शोधायचे असते. मागणीचा ईमेल लिहिण्याचे बहुतेक कष्ट या शोधातच जातात, आणि तो नीट झाला की प्रत्यक्ष ईमेल दहा-बारा ओळींचा होतो.

ईमेलने नोंदी मागवण्याची जी पद्धत सर्वाधिक रुळली, तिचे नाव ‘ब्रेक फास्ट’ असे आहे. ती अमेरिकेतील आयरिस या विद्यापीठांच्या संघाच्या सिएटल येथील डेटा केंद्राने वापरात आणली. आयरिसची स्थापना १९८४ ची असून २०२३ च्या आरंभी ती आणि युनाव्को ही संस्था एकत्र येऊन अर्थस्कोप कन्सॉर्शियम हा एकच संघ झाला. बर्कली येथील उत्तर कॅलिफोर्नियाच्या संग्रहाने आणि जर्मनीतील पॉट्सडॅमच्या जिओफोन केंद्रानेही हाच साचा स्वीकारला होता. आता बहुतेक केंद्रे वेब सेवेकडे वळत आहेत, म्हणून ज्या केंद्राला लिहायचे त्याच्या माहितीपानावर ईमेलची सोय चालू आहे का आणि तिचा पत्ता कोणता, हे आधी पाहून घ्यावे. सोय बंद असली तरी येथे सांगितलेली तयारी वाया जात नाही. वेब सेवेलाही नेमक्या त्याच गोष्टी लागतात आणि केवळ त्यांचा क्रम बदलतो. भारतातील संस्थांना पाठवायच्या विनंतीपत्रातही तोच तपशील लिहावा लागतो.

भूकंपाची वेळ आणि तारीख

पहिली पायरी म्हणजे भूकंपाची मूळवेळ (भूकंप केंद्रापाशी सुरू झाला ती वेळ), अक्षांश, रेखांश, खोली आणि परिमाण एखाद्या विश्वासार्ह सूचीतून उतरवून घेणे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची सूची सर्वांना खुली आहे. ब्रिटनमधील इंटरनॅशनल सिस्मॉलॉजिकल सेंटरची सूची उशिरा निघते, पण अनेक देशांच्या स्टेशनांची निरीक्षणे एकत्र तपासून केलेली असल्यामुळे जुन्या भूकंपांसाठी ती अवश्य पाहावी. दोन सूचींमध्ये केंद्रबिंदू थोडा वेगळा दिसतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आपण कोणती सूची वापरली एवढे वहीत लिहून ठेवावे आणि पुढे सर्वत्र तीच वापरावी.

भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला. संग्रहाला भारतीय वेळ कळत नाही, त्याला केवळ युटीसी म्हणजे समन्वित वैश्विक वेळ कळते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे भूजची मूळवेळ युटीसीमध्ये ०३:१६:४० च्या सुमारास येते. ही वजाबाकी सोपी दिसते, पण मागणी फसण्याचे सर्वांत मोठे कारण हीच असते, आणि मराठी वाचकांना जवळच्या वाटणाऱ्या दोन भूकंपांच्या बाबतीत तर ती तारीखही बदलते. किल्लारीचा भूकंप आपण ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी काही मिनिटे झाला असे म्हणतो, परंतु संग्रहात तो २९ सप्टेंबरला २२:२५ वाजता आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, तर जागतिक सूच्यांमध्ये तो १० डिसेंबरला २२:५१ वाजता नोंदलेला आहे. भारतात पहाटे साडेपाचच्या आधी झालेल्या प्रत्येक भूकंपाची युटीसी तारीख आदल्या दिवसाची असते. ३० सप्टेंबरची २२:२५ ही वेळ लिहून किल्लारीची नोंद मागितली, तर संग्रह मुकाट्याने दुसऱ्या रात्रीची नोंद पाठवील. त्याच्या लेखी मागणीत कोणतीही चूक नसते, त्यामुळे चूक झाल्याचा संदेश येत नाही आणि मागणाऱ्याला काही दिवस पत्ताही लागत नाही.

कोयनेचे नाव आले म्हणून येथेच सांगितले पाहिजे की १९६७ च्या नोंदी कागदावर उमटलेल्या होत्या. ज्या पद्धतीविषयी हा लेख आहे ती अंकीय नोंदींसाठी आहे. वडोदऱ्याला अधिक जवळचा असलेला २३ मार्च १९७० चा भरूचचा ५.४ परिमाणाचा भूकंप ज्याला अभ्यासायचा आहे, त्यानेही हे लक्षात घ्यावे. त्या काळाच्या नोंदींसाठी जुन्या वेधशाळांच्या कागदी नोंदींच्या प्रती शोधाव्या लागतात. ती वाट निराळी आहे.

स्टेशन निवडताना

अंकीय संग्रहात प्रत्येक नोंदीचा पत्ता चार भागांत असतो. नेटवर्कचा, म्हणजे एका संस्थेच्या स्टेशनसमूहाचा संकेत दोन अक्षरांपर्यंत, स्टेशनचा पाच अक्षरांपर्यंत, एकाच स्टेशनवरील निरनिराळी उपकरणे ओळखण्याचा लोकेशन कोड दोन अक्षरांचा किंवा कोरा, आणि चॅनेलचा संकेत तीन अक्षरांचा असतो. हैदराबादचे स्टेशन उदाहरणासाठी घेऊ. फ्रान्सच्या जिओस्कोप या जागतिक नेटवर्कमधील हे स्टेशन राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत आहे. त्याचा संकेत एच, वाय, बी अशा तीन अक्षरांचा असून नेटवर्कचा संकेत केवळ जी हे एक अक्षर आहे. भारताच्या आसपासची इतर जागतिक स्टेशनेही उपयोगी पडतात, उदाहरणार्थ पाकिस्तानातील निलोर किंवा श्रीलंकेतील पल्लेकेले.

स्टेशनचे नाव सापडले म्हणून लगेच मागणी लिहू नये. केंद्राच्या स्टेशनसूचीत प्रत्येक स्टेशनच्या आणि चॅनेलच्या पुढे आरंभाची आणि समाप्तीची तारीख दिलेली असते. एकाच स्टेशनवर काळानुसार उपकरण बदलते, लोकेशन कोड बदलतो, नमुने घेण्याचा वेग, म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजमाप होते ते बदलते. आज नकाशावर दिसणारे चॅनेल २००१ मध्ये अस्तित्वात असेलच असे नाही. भूकंपाची तारीख ज्या कालखंडात बसते, त्या कालखंडाची ओळ उतरवून घ्यावी. जुन्या भूकंपांची मागणी रिकामी परत येते, तेव्हा दोष बहुधा या कालखंडाकडे झालेल्या दुर्लक्षाचा असतो.

चॅनेलचे तीन अक्षरी नाव वाचता आले पाहिजे. पहिले अक्षर नमुने घेण्याचा वेग आणि उपकरणाचा पट्टा सांगते : बी म्हणजे सेकंदाला दहा ते ऐंशीच्या दरम्यान नमुने घेणारे विस्तृत पट्ट्याचे, म्हणजे मंद ते जलद अशा सर्व लाटा टिपणारे उपकरण, एच म्हणजे ऐंशी किंवा त्याहून अधिक नमुने घेणारे, एल म्हणजे सेकंदाला सुमारे एक नमुना. दुसरे अक्षर उपकरणाची जात सांगते. एच असेल तर ते जमिनीचा वेग टिपणारे संवेदनशील भूकंपमापक असते आणि एन असेल तर त्वरणमापक. तिसरे अक्षर दिशा दाखवते, त्यात झेड म्हणजे उभी, एन म्हणजे उत्तर आणि ई म्हणजे पूर्व. उत्तर आणि पूर्व यांच्या जागी १ आणि २ असतील तर उपकरण ठीक उत्तरेकडे रोखलेले नाही असे समजावे आणि त्याचा खरा कोन स्टेशनच्या माहितीतून घ्यावा.

कोणते चॅनेल हवे हे अभ्यासाचा प्रश्न ठरवतो, आणि या ठिकाणी वडोदऱ्यातील स्थापत्य अभियंत्यांना आग्रहाने काही सांगावेसे वाटते. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक क्रमांक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतील नकाशात वडोदरा तिसऱ्या भूकंपविभागात आणि कच्छ पाचव्या विभागात आहे. भूजच्या भूकंपाचे केंद्र वडोदऱ्यापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर होते. इमारतीच्या गणितासाठी ज्याला नोंद हवी आहे त्याला त्वरणाची नोंद लागते आणि ती शक्यतो तेवढ्याच अंतरावरची, तशाच जमिनीवरची लागते. हैदराबादची विस्तृत पट्ट्याची नोंद कितीही सुबक असली तरी ती सुमारे अकराशे किलोमीटरवरची आहे. तिच्यातून भूकंपाच्या स्रोताचा आणि पृथ्वीच्या अंतरंगाचा अभ्यास होतो. वडोदऱ्याच्या गाळाच्या जमिनीवरील सहा मजली इमारत कशी हलेल, हे तिच्यावरून ठरवू नये. भूजच्या वेळी अहमदाबादेत पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीत बसवलेल्या, तेव्हाच्या रुडकी विद्यापीठाच्या त्वरणमापकाने मुख्य धक्क्याची नोंद केली, आणि अभियंते आजवर तिच्याच आधारे काम करीत आले आहेत. तशी नोंद जागतिक संग्रहाच्या यंत्राकडे मागून उपयोग नाही. ती ज्या संस्थेची आहे तिला पत्र लिहावे लागते, आणि त्या पत्राविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे.

वेळेची चौकट

चौकट फार आखूड ठेवली तर लाटांचा शेवट तुटतो आणि फार लांब ठेवली तर फाइल उगाच फुगते. ती अंदाजाने ठरवण्यापेक्षा गणिताने ठरवावी. भूजच्या केंद्रापासून हैदराबाद सुमारे १०९० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या कंसावर दहा अंशांपेक्षा किंचित कमी. या अंतरावर सर्वांत वेगवान असलेली पहिली पी लाट मूळवेळेनंतर सुमारे सव्वादोन ते अडीच मिनिटांनी पोहोचते, म्हणजे ०३:१९ च्या आसपास. तिच्यामागून येणारी मंद एस लाट सव्वाचार मिनिटांच्या सुमारास येते. जमिनीच्या पृष्ठभागालगत सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने येणाऱ्या पृष्ठलाटेला सहा मिनिटे लागतात, आणि तिच्यामागून मंद लाटांची शेपटी बराच वेळ चालू राहते.

म्हणून ०३:१० ते ०४:०० ही पन्नास मिनिटांची चौकट योग्य ठरते. पी लाटेच्या आधीची नऊ मिनिटे मुद्दाम ठेवलेली आहेत. भूकंपापूर्वी जमिनीचा आणि उपकरणाचा नेहमीचा गोंगाट किती होता हे त्यांतून कळते, आणि उपकरणाचा परिणाम काढून टाकताना नोंदीची दोन्ही टोके गणितात थोडी बिघडतात, तेव्हा हा मोकळा भाग मूळ लाटांना सांभाळतो. विद्यार्थी सहसा मूळवेळेपासूनच नोंद मागतात. तसे करू नये.

फाइल किती मोठी होईल हेही आधीच काढता येते. सेकंदाला वीस नमुने, तीन हजार सेकंद, म्हणजे एका चॅनेलचे ६०,००० नमुने. तीन दिशांचे मिळून १,८०,००० नमुने होतात, आणि प्रत्येकाला चार बाइट धरले तरी ७,२०,००० बाइट, म्हणजे पाऊण मेगाबाइटही नाही. प्रत्यक्ष फाइल दाबून भरलेली असल्याने याहूनही लहान येते. याच्या उलट, त्याच तीन चॅनेलांची वर्षभराची अखंड नोंद मागितली तर १८९ कोटींहून अधिक नमुने होतात. अशी मागणी महिन्यामहिन्याचे तुकडे करून पाठवावी. संग्रह सर्वांसाठी आहे, आणि एकाने अवाढव्य मागणी केली की रांगेतील इतरांना थांबावे लागते.

प्रत्यक्ष ईमेल

ईमेल माणूस वाचत नाही, संगणक वाचतो. त्यामुळे आदरणीय महोदय, नमस्कार, आभार यांपैकी काही लिहायचे नसते. वरच्या ओळींमध्ये मागणाऱ्याची माहिती असते. त्या प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टिंब आणि त्याला चिकटून ठरलेला शब्द येतो. टिंब आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. नमुना वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिला आहे. पाठवताना सर्व शब्द रोमन मोठ्या अक्षरांत आणि सर्व आकडे इंग्रजी लिपीत टंकावेत.

.नेम (आपले नाव)
.इन्स्ट (विभाग आणि विद्यापीठ)
.मेल (टपालाचा पत्ता)
.ईमेल (ज्यावर उत्तर हवे तो पत्ता)
.फोन (विभागाचा क्रमांक)
.फॅक्स (असल्यास क्रमांक)
.मीडिया इलेक्ट्रॉनिक
.आल्टर्नेट मीडिया इलेक्ट्रॉनिक
.लेबल भूज२००१एचवायबी
.क्वालिटी बी
.एंड
एचवायबी जी २००१ ०१ २६ ०३ १० ००.० २००१ ०१ २६ ०४ ०० ००.० ३ बीएचझेड बीएचएन बीएचई

संस्थेच्या ओळीचा शब्द आय, एन, एस, टी या चारच अक्षरांचा असतो. मीडियाच्या ओळी चुंबकीय फिती टपालाने पाठवण्याच्या काळातील आहेत, पण साचा त्यांची अपेक्षा करतो म्हणून त्या गाळू नयेत. लेबल हे आपणच द्यायचे नाव आहे. तयार होणाऱ्या फाइलला तेच नाव मिळते, म्हणून त्यात मोकळी जागा किंवा तिरकी रेघ घालू नये, आणि प्रत्येक मागणीला वेगळे लेबल द्यावे. क्वालिटीपुढील बी म्हणजे उपलब्ध असलेल्यांतील उत्तम प्रत पाठवावी असा अर्थ होतो. भूकंपाचे केंद्र आणि परिमाण लिहिण्यासाठीही या साच्यात ओळी आहेत, पण त्या ऐच्छिक आहेत. त्या भरल्याने कोणती नोंद निवडली जाईल यात काही फरक पडत नाही. एंडची ओळ मात्र अत्यावश्यक आहे, कारण माहिती संपून मागणी सुरू होते हे संगणकाला तिच्यावरूनच समजते.

शेवटची ओळ ही खरी मागणी आहे. तिचा क्रम असा : स्टेशन, नेटवर्क, मग आरंभाचे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, त्यानंतर समाप्तीचे तेच सहा आकडे, मग किती चॅनेल मागितले त्याची संख्या, आणि नंतर चॅनेलांची नावे. संख्या तीन लिहून नावे दोनच दिली तर ओळ नाकारली जाते. सर्वांत शेवटी लोकेशन कोड देता येतो. तो नक्की माहीत नसेल तर सोडून द्यावा, म्हणजे त्या स्टेशनवर असलेले सर्व पर्याय मिळतात. चॅनेलच्या एखाद्या अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह घातले तर ‘कोणतेही अक्षर’ असा अर्थ होतो, त्यामुळे तीन नावांऐवजी बी, एच आणि प्रश्नचिन्ह असे एकच नाव लिहून पुढची संख्या एक ठेवता येते. स्टेशनच्या जागी तारका घालून सगळी स्टेशने मागवण्याचा मोह टाळावा. अनेक स्टेशने हवी असतील तर प्रत्येकाची स्वतंत्र ओळ लिहावी आणि चौकटही त्या त्या अंतराप्रमाणे वेगळी ठरवावी.

ईमेल पाठवण्याच्या आधी काही गोष्टी तपासाव्यात, कारण मजकूर बरोबर असूनही मागणी त्यांच्यामुळे फेटाळली जाते. जीमेलमध्ये लिहिताना खालच्या तीन टिंबांच्या मेनूतून साधा मजकूर ठेवण्याचा पर्याय निवडावा. नाहीतर अक्षरांची सजावट मजकुराबरोबर जाते आणि ओळी तुटतात. विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेली आपोआप जोडली जाणारी सही काढून टाकावी. फाइल जोडू नये, मागणी ईमेलच्या मुख्य भागातच असावी. मराठी कळफलक वापरणाऱ्यांनी आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. फोनवर लिपी बदलताना एखादा आकडा देवनागरीत राहून जातो, डोळ्याला तो खटकत नाही, पण संगणकाला तो आकडा वाटतच नाही. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे साध्या मजकुराच्या संपादकात मागणी लिहून तेथून उचलून ईमेलमध्ये चिकटवणे. ती फाइल जपूनही ठेवता येते.

उत्तर आल्यावर

प्रथम मागणी पोहोचल्याचा आणि नंतर डेटा तयार झाल्याचा संदेश येतो. नोंद जोडपत्र म्हणून येत नाही. ती कोठून उतरवून घ्यायची याचा पत्ता येतो आणि फाइल तेथे ठरावीक काळच ठेवलेली असते, म्हणून उतरवण्यास उशीर करू नये. उत्तर येत नसेल तर अनावश्यक ईमेलांचा कप्पा पाहावा.

डेटा नाही असे उत्तर आले तर लगेच निराश होऊ नये किंवा तीच मागणी पुन्हा पुन्हा धाडू नये. मागणी लहान करावी : एक स्टेशन, एकच उभे चॅनेल, पाच मिनिटे, लोकेशन कोड सोडलेला. तेवढे मिळाले तर दोष आपल्या मूळ ओळीत आहे. तेवढेही मिळाले नाही तर युटीसी तारीख, चॅनेलचा कालखंड आणि नेटवर्कचा संकेत याच क्रमाने पुन्हा तपासावे. हे सर्व बरोबर असेल, तर स्टेशन त्या वेळी बंद होते किंवा नोंद मर्यादित प्रवेशाची आहे असे समजावे. मोठ्या भूकंपात जवळच्या स्टेशनची वीज किंवा संपर्क तुटणे ही नित्याची गोष्ट आहे.

नोंद बहुधा मिनीसीड या स्वरूपात येते. सीड हा १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय संघाने ठरवलेला विनिमयाचा साचा आहे आणि मिनीसीड म्हणजे त्यातील केवळ नमुन्यांचा भाग. याचा व्यावहारिक अर्थ फार महत्त्वाचा आहे : त्या फाइलमधील आकडे म्हणजे उपकरणाने मोजलेले नुसते अंक असतात, जमिनीचा वेग किंवा विस्थापन नव्हे. अंकांवरून जमिनीची खरी हालचाल काढण्यासाठी उपकरणाचा प्रतिसाद, म्हणजे जमिनीच्या हालचालीचे उपकरण किती अंकांत रूपांतर करते याची माहिती लागते, आणि तो स्टेशन एक्सएमएल किंवा नमुने नसलेल्या सीड फाइलमध्ये वेगळा मिळतो. तो नोंदीबरोबरच आणि भूकंपाच्या तारखेचाच घ्यावा. आजचा प्रतिसाद २००१ च्या नोंदीला लावला तर आलेख दिसायला ठीक दिसतो आणि आकडे चुकीचे निघतात.

फाइल उघडण्यासाठी पायथन भाषेतील ऑब्सपाय ही मोफत साधनसंपदा पुरेशी आहे. उघडल्यावर कोणतेही गाळण (फिल्टर) न लावता आधी चार गोष्टी पाहाव्यात. आरंभ आणि समाप्तीची वेळ मागणीशी जुळते का, हे पहिले. नोंद ठरावीक आकाराच्या तुकड्यांत साठवलेली असल्यामुळे ती काही सेकंद आधी सुरू होऊ शकते, तो दोष नव्हे. प्रत्येक चॅनेलचे नमुने आपल्या हिशेबाइतके, म्हणजे येथे साठ हजारांच्या आसपास आहेत का, हे दुसरे. त्यापेक्षा बरेच कमी असतील तर मध्ये खंड पडलेला आहे. पहिली लाट ०३:१९ च्या आसपास दिसते का, हे तिसरे आणि सर्वांत बोलके, कारण वेळ, स्टेशन आणि तारीख या तिन्हींची खात्री एकाच नजरेत होते. चौथे म्हणजे मोठ्या लाटांचे माथे सपाट कापल्यासारखे दिसतात का. तसे असेल तर उपकरणाची मर्यादा ओलांडली गेली आहे आणि तो भाग मोजमापासाठी वापरू नये. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, तिच्याशेजारी मागणीचा ईमेल आणि प्रतिसादाची फाइल ठेवावी, आणि सर्व प्रक्रिया प्रतीवरच करावी.

ज्यांना वेब सेवेतूनच मागवायचे आहे त्यांनी याच माहितीची ओळ नेटवर्क, स्टेशन, लोकेशन, चॅनेल, आरंभ, समाप्ती या क्रमाने लिहावी. तेथे लोकेशन कोरा असेल तर दोन आडव्या रेघा टाकायच्या असतात आणि तारीख व वेळ यांच्यामध्ये टी हे रोमन अक्षर येते.

भारतीय संस्थांना लिहायचे पत्र

गुजरातमधील स्थानिक भूकंपांच्या नोंदींसाठी गांधीनगरजवळ रायसण येथील भूकंप संशोधन संस्था, देशभरातील स्टेशनांसाठी दिल्लीतील राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आणि तीव्र हादऱ्यांच्या त्वरणनोंदींसाठी आयआयटी रुडकी ही आपल्या उपयोगाची ठिकाणे आहेत. गांधीनगरची संस्था राज्य सरकारने २००३ मध्ये स्थापन केली, तर दिल्लीचे केंद्र भूविज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. येथे ईमेल माणूस वाचतो, त्याला नियमांनुसार निर्णय घ्यावा लागतो, आणि पत्र मिळताच त्याला तो घेता यावा अशी मांडणी करणे हे आपले काम आहे. संस्थेचा स्वतःचा अर्ज असेल तर तोच भरावा. नसेल तर विभागाच्या अधिकृत पत्रावर, मार्गदर्शकांच्या सहीने आणि विद्यापीठाच्या ईमेलवरून पत्र पाठवावे. पत्र इंग्रजीत जाईल, पण त्याचा आशय पुढीलप्रमाणे असावा.

‘आदरणीय महोदय, मी वडोदरा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अमुक विभागात अमुक मार्गदर्शकांकडे पदव्युत्तर प्रबंधाचे काम करीत आहे. प्रबंधाचा विषय नर्मदा खोऱ्याच्या उत्तरेकडील गाळाच्या जमिनीतील लाटांची वाढ हा आहे. त्यासाठी सोबतच्या तक्त्यातील भूकंपांच्या, तक्त्यातच दिलेल्या स्टेशनांवरील तीन दिशांच्या नोंदी आणि त्या उपकरणांचा प्रतिसाद मिळावा अशी विनंती आहे. सर्व वेळा युटीसीमध्ये आहेत. नोंदी मिनीसीड किंवा आपल्याला सोयीच्या कोणत्याही स्वरूपात चालतील. त्या केवळ या प्रबंधासाठी वापरल्या जातील, अन्य कोणालाही दिल्या जाणार नाहीत, आणि प्रकाशनात आपल्या संस्थेचा ऋणनिर्देश आपण सांगाल त्या शब्दांत केला जाईल.’

तक्ता हाच या पत्राचा गाभा आहे. प्रत्येक ओळीत भूकंपाची युटीसी तारीख व मूळवेळ, केंद्राचे अक्षांश-रेखांश, परिमाण, सूचीचे नाव, हवे असलेले स्टेशन, आणि चौकटीचा आरंभ व समाप्ती असावी. ‘गुजरातमधील सर्व भूकंपांचा डेटा’ अशी मागणी करणाऱ्या पत्राला सहसा प्रश्नच परत येतात, आणि ते योग्यही आहे, कारण कोणाला तरी बसून त्या नोंदी काढाव्या लागतात. पाच-सहा भूकंप आणि तीन-चार स्टेशने एवढ्यापासून सुरुवात करावी. पहिल्या नोंदी वापरून काय निघाले हे दोन ओळींत कळवून पुढची मागणी केली, तर समोरच्यालाही आपले काम दिसते.

उत्तराला दोन-तीन आठवडे द्यावेत. त्यानंतर स्मरणपत्र लिहायचे ते जुन्या ईमेलच्या साखळीतच, तक्ता पुन्हा जोडून आणि मूळ पत्राची तारीख देऊन. शुल्क किंवा हमीपत्र मागितले तर विद्यापीठाच्या कार्यालयामार्फतच पूर्तता करावी. नोंदी मिळाल्यावर त्या वर्गमित्राच्या पेनड्राइव्हवर किंवा सामायिक ड्राइव्हवर ठेवू नयेत, कारण हमीपत्रावर मार्गदर्शकांचीही सही असते. खुल्या नेटवर्कच्या नोंदी वापरल्या असतील तर प्रबंधात नेटवर्कचे नाव आणि त्याचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक (डीओआय) द्यावा. जिओस्कोपसारखी नेटवर्के तो आपल्या पानावर छापतात, आणि त्याच वाक्यात नोंदी कोणत्या केंद्राकडून व कोणत्या तारखेला उतरवून घेतल्या हेही लिहावे.